वीज आणि गडगडाट मुलांना शिकवताना : शाळेतल्या कामाच्या नोंदी

१५ फेब्रुवारी

सहावी-सातवीच्या मुलांसाठी शाळेत विजेचा एक कोपरा तयार करायचा, असं आज ठरलं. शाळा जिल्हा परिषदेची, गाव औसा तालुक्यातलं. शाळा सुटली की निम्मी मुलं शेळ्यांमागं जातात, नाहीतर शेतात डबा पोचवतात. मार्चपासून अवकाळीची भीती, एप्रिल-मेमध्ये वळीव. आभाळ भरून येतं ते दुपारी तीननंतर, आणि नेमकी तीच वेळ मुलं शिवारात असण्याची. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून दगावतात, त्यांत शेतात काम करणारी फार. धडा वाचून दाखवून हे काम होणार नाही. हाताने करून बघता येईल असं साहित्य हवं, आणि वळवाच्या आत हवं.

आधी मुलांना काय वाटतं ते फळ्यावर लिहून घेतलं. आभाळात म्हातारी हरभरे भरडते. ढगावर ढग आपटतो. ढग घासून जाळ होतो. ईज लोखंडावर पडते. ईज पायाळू माणसावर पडते. हे शेवटचं उत्तर आलं तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच मुलाकडे वळल्या. तो पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. त्याच्या शेजारचा मुलगा बाकावर थोडा सरकून बसला.

हेच काम कुणाला करायचं असेल तर ही यादी पहिल्या दिवशीच करावी आणि जपून ठेवावी. पुढे काय बनवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे मी त्या यादीकडे बघूनच ठरवत गेलो.

२० फेब्रुवारी

सुरुवात ठिणगीपासून. साधन जुनं आणि सोपं आहे. व्होल्टाने १७७५ मध्ये ते लोकांपुढे आणलं. थर्माकोलचा तुकडा लोकरीने घासायचा, त्यावर धातूची ताटली ठेवायची, ताटलीला क्षणभर बोट लावायचं, मग मूठ धरून ताटली उचलायची आणि तिच्याजवळ बोट न्यायचं. चट् असा आवाज होऊन ठिणगी उडते.

थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे बाजारात शोधत बसू नये. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात खोक्यातला जाड थर्माकोल फुकट मिळाला. लोकरीसाठी घरची घोंगडी. तिच्याहून चांगलं काही सापडलं नाही.

ठिणगी मात्र येईना. ॲल्युमिनियमचा पत्रा कात्रीने गोल कापून घेतला होता. उचलला की नुसती बारीक चरचर ऐकू यायची, बोट जवळ नेईपर्यंत सगळं संपलेलं. आधी घासण्यावर संशय घेतला, मग थर्माकोलवर, मग घोंगडीवर. बराच वेळ गेला. दोष होता पत्र्याच्या कापलेल्या काठाचा. टोकदार काठावरून विद्युतभार आपोआप हवेत निसटत राहतो. आठवडी बाजारातून काठ वळवलेली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमचीच, ताटली आणली, साठ रुपयांची, आणि पहिल्याच वेळी बोटाएवढ्या अंतरावरून ठिणगी उडाली.

मुठीचंही तसंच. लाटण्याचा लाकडी तुकडा चिकटवला होता. लाकडात थोडी ओल असते, तीमधून भार हातात उतरतो. त्याऐवजी पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा लावला. थर्माकोल फळीला चिकटवायला चपलेचं सोल्युशन वापरू नका, ते थर्माकोल खाऊन टाकतं. आम्ही मैद्याची खळ वापरली.

२७ फेब्रुवारी

ठिणगी एका वेळी एकालाच दिसते, बाकीचे मागून ढकलत राहतात. जुन्या टेस्टरमधला छोटा निऑन दिवा काढून त्यावर तोडगा निघाला. दिव्याची एक तार बोटात धरायची, दुसरी ताटलीला लावायची, दिवा लखकन चमकतो. वर्गाच्या खिडक्यांना ताडपत्री लावली की शेवटच्या बाकावरून दिसतं.

या दिव्याचा आणखी एक उपयोग आहे, तो सहसा कुणी करत नाही. एकदिश प्रवाहात निऑनच्या दोन तारांपैकी ऋण बाजूचीच तार चमकते. त्यामुळे ताटलीवरचा भार कोणता, थर्माकोलवरचा कोणता, हे मुलांनी स्वतः ओळखलं. ढगातही भार असेच वेगळे होतात, हे इथूनच सांगता आलं. उंच ढगात बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. गारा म्हटल्यावर मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. २०१४ च्या गारपिटीने इथली रब्बी कशी झोपवली, हे घराघरांत अजून सांगतात.

‘ढग घासून जाळ होतो’ हे फळ्यावरचं उत्तर इथे जरा घोटाळा करतं, कारण आम्हीही घासूनच ठिणगी काढली. म्हणून प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावं लागलं : घासताना ठिणगी उडाली नाही, भार वेगळे झाल्यावर मधल्या हवेतून उडाली. कोरड्या हवेत एक सेंटिमीटर ठिणगीला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात. ‘मग आम्ही मेलो कसं नाही?’ हा प्रश्न लगेच आला, यायलाच हवा होता. ताटलीवरचा भार इतका थोडा असतो की क्षणाच्या बारीक भागात संपतो. आकाशातल्या विजेत हजारो अँपिअरचा प्रवाह असतो. घरातल्या प्लगला यातलं काहीही जोडायचं नाही, हे वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.

पतंगाचा हट्टही आजच झाला. फ्रँकलिनने १७५२ मध्ये पतंग उडवला हे कुणीतरी वाचलं होतं. मी त्यांना रिशमनची गोष्ट सांगितली. सेंट पीटर्सबर्गचा हा शास्त्रज्ञ १७५३ मध्ये वादळात छतावरच्या सळईला जोडलेल्या उपकरणाजवळ उभा होता आणि वीज बसून जागीच गेला. पतंगाचा विषय तिथेच मिटला.

८ मार्च

शनिवारची सकाळची शाळा. आवाजाला वेळ लागतो, हे दाखवायचं होतं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, आवाज साधारण ३४५ मीटर. नुसते आकडे सांगून काही उपयोग नाही, मुलं ते पाठ करतात आणि विसरतात.

रस्त्यावर एका मुलाने घमेलं टांगून हातोडीने दर सेकंदाला एक टोला द्यायचा. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत दूर चालत जायचं. जवळ असताना टोला दिसतो तेव्हाच ऐकू येतो. दूर जाताना आवाज मागे पडत जातो. पावणेदोनशे मीटरच्या आसपास तो दोन टोल्यांच्या बरोबर मध्ये येतो. साडेतीनशेच्या जवळ पोचलं की आवाज पुन्हा टोल्याशी जुळतो, पण तो आवाज आधीच्या टोल्याचा. घमेलं वाजवणारा अचानक थांबतो, हात खाली सोडतो आणि त्यानंतर एक टोला ऐकू येतो. मुलं यासाठीच पुन्हा पुन्हा मागे चालत गेली.

आधी हाच प्रयोग शाळा सुटल्यावर भर उन्हात केला होता, तो फसला होता. दोनशे मीटरच्या पुढे आवाजच पोचत नव्हता. तापलेल्या जमिनीजवळची हवा गरम, वरची थंड, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. सकाळी सातला, वारं पडलेलं असताना, तोच टोला स्वच्छ ऐकू आला. ठेका देण्यासाठी वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ काढून टोलेवाल्यासमोर ठेवलं.

अंतर मोजायला नायलॉनची दोरी घेतली, ती ओढली की ताणते. नंतर सायकल वापरली. चाकाला लाल दोरा बांधून फेरे मोजले. आमच्या सायकलचा एक फेरा दोन मीटर सात सेंटिमीटरचा भरला. हिशोब मुलांनीच केला.

१७ मार्च

ढग कडाडतो आणि मग गडगडत राहतो. वीज तर क्षणात संपते, मग आवाज इतका वेळ का येतो? हा प्रश्न शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारला आणि मला तो सगळ्या कामातला सर्वांत चांगला प्रश्न वाटतो.

आवाज कशाचा, हे आधी. विजेची वाट दोन-तीन बोटं जाडीची, पण तिच्यातली हवा क्षणात सुमारे ३० हजार अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. इतकी तापलेली हवा एकदम फुगते आणि भोवतालच्या हवेला धक्का देते. तो धक्का म्हणजे कडकडाट. ढगांचं एकमेकांवर आपटणं यात कुठेच नाही, ढग म्हणजे पाण्याचे आणि बर्फाचे कण. फुगा फोडून दाखवला, पण त्यातून मुलांना फुगाच लक्षात राहिला, हवा तापते हे कुणालाच आठवेना. फुगा यादीतून काढला.

आता लांबलेला आवाज. विजेची वाट काही किलोमीटर लांब आणि वाकडीतिकडी असते. संपूर्ण वाटेवर आवाज जवळजवळ एकदम होतो, पण जवळच्या टोकाचा आधी पोचतो, लांबच्या टोकाचा मागाहून. हे दाखवायला मुलांनाच वीज करायचं ठरवलं. मुलं एका रांगेत उभी राहतील, खूण झाली की सगळी एकदम टाळी वाजवतील, एका टोकाला उभे असलेले ऐकतील.

मैदानावर काहीच कळलं नाही. मैदान ऐंशी मीटरचं, तेवढ्या अंतरात पाव सेकंदाचाही फरक पडत नाही, आणि मुलांच्या टाळ्याच त्याहून जास्त मागेपुढे होतात.

२२ मार्च

रांग शिवरस्त्यावर नेली. पस्तीस मुलं, दहा-दहा मीटरवर. इथे एकामागून एक अडचणी आल्या, सगळ्या लिहून ठेवतो, कारण प्रयोग सोपा दिसतो आणि प्रत्येक ठिकाणी अडतो.

टाळी शंभर मीटरच्या पुढे ऐकू येत नाही. पोषण आहाराच्या स्टीलच्या ताटल्या आणि काठ्या आणल्या.

खूण शिट्टीने केली. शिट्टीचाही आवाजच, तो शेवटच्या मुलापर्यंत सेकंदाने पोचतो, मग तो ताटली वाजवतो, आणि तो आवाज परत यायला आणखी एक सेकंद. ऐकणाऱ्यांना सगळं दुप्पट लांब ऐकू आलं. चूक शोधून काढली सातवीच्या मुलांनी, आणि त्यांना आवाजाचा वेग कळला आहे याची मला तिथे खात्री पटली.

मग खूण डोळ्यांची केली. ट्रॉलीवर उभं राहून लाल उपरणं खाली आणायचं. तरीही प्रत्येकाचा हात वेगवेगळ्या वेळी पडत होता, कारण बघून हात हलायला प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागतो. त्यावर उपाय लेझीमचा. उपरणं संथ ठेक्यात वर-खाली, वर-खाली, आणि चौथ्या वेळी खाली येताच टोला. ठेका आधी कळला की सगळे हात बरोबर पडतात. पुढच्या मुलामुळे मागच्याला दिसत नव्हतं, म्हणून मुलं रस्त्याच्या दोन्ही कडांना आळीपाळीने उभी केली.

आणि मग जमलं. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्यांना आधी जवळचा ठणका आणि मागोमाग सेकंदभर लांबत, बारीक होत जाणारा खणखणाट ऐकू आला. नंतर त्याच मुलांना मैदानात अर्धवर्तुळात उभं केलं, ऐकणारे मधोमध, सर्वांपासून तीस मीटरवर. पुन्हा तोच ठेका. या वेळी एकच मोठा आवाज आला. शेवटच्या बाकावरची ती मुलगी मध्ये उभी होती. तिने स्वतःहून सांगितलं, ‘सर, सगळे सारख्याच लांब हायत म्हणून एकदम आला.’

तिसरी-चौथीच्या मुलांना म्हातारीची गोष्ट अजून सांगायला माझी ना नाही. पण ती दळण कुठे संपवते ते ताटल्या वाजवून कळलेलं चांगलं.

२६ मार्च

व्हरांड्याच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवला. मध्ये शाळा, तिच्याभोवती वर्तुळं. लखलखाट दिसल्यापासून सेकंद मोजायचे, तिनाने भागायचं, तेवढे किलोमीटर. एक किलोमीटरला भिंतीवर चाळीस सेंटिमीटर. पहिलं वर्तुळ लाल, तीन सेकंदांचं. दुसरं पिवळं. तिसरं हिरवं, नऊ सेकंदांचं. ऑइलपेंट आणि ब्रश मिळून चारशे ऐंशी रुपये.

सेकंद मोजण्याचा सराव घेतला. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजलं तर साधारण एकेक सेकंद होतो. मुलं घाईत असली की वेग वाढतो आणि वीज लांब आहे असं उत्तर येतं. मांडीवर हात आपटत मोजलं की वेग टिकतो. घड्याळाशी ताडून बघितलं.

२ एप्रिल

दुपारी अवकाळी आला. शाळा सुटायला अर्धा तास होता. मुलं व्हरांड्यात धावली, नकाशासमोर उभी राहून मोजू लागली. लखलखाट, दहापर्यंत मोजणी, गडगडाट. ‘हिरव्याच्या भायेर! लांब हाय!’ असं ओरडून सातवीतली दोन मुलं दप्तरं उचलून निघाली, शेळ्या माळावर होत्या. त्यांना फाटकात अडवलं. पुढची वीज चार सेकंदांवर होती.

नकाशातला हिशोब अगदी बरोबर होता आणि तरी नकाशा धोक्याचा निघाला. एका ढगातली एक वीज इथे आणि पुढची कित्येक किलोमीटर पलीकडे पडू शकते. पावसापासून दहा किलोमीटर दूर, वर आभाळ मोकळं दिसत असतानाही ती पडते. मागची वीज किती लांब होती यावरून पुढची कुठे पडेल ते कळत नाही. आणि मुलांनी हिरव्या रंगाचा अर्थ तोच लावला जो रंगातून कुणीही लावील : जा, हरकत नाही. सेकंद मोजायला शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद नीट वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गावोगावी वर्गांमधून सेकंद मोजायला शिकवतात आणि तिथेच थांबतात.

५ एप्रिल

भिंत खरवडून नवा नकाशा. एक किलोमीटरला दहा सेंटिमीटर, दहा किलोमीटरपर्यंत. गावाचा नकाशा अपुरा पडला, तालुक्याचा मोठा छापून आणावा लागला, दीडशे रुपये. शेजारची सगळी गावं, तळं, टेकडी, फाटा, सगळं आत आलं. दहाही वर्तुळांच्या आत एकच रंग, लाल. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे लाल. त्यापुढे भिंतीवर जागाच ठेवली नाही. गडगडाट पंधरा-एक किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, म्हणजे तो कानावर आला एवढंच पुरे आहे. नकाशाखाली दोन ओळी लिहिल्या : ‘गडगडाट ऐकला की पक्क्या घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.’

रंगाचे आणखी साडेतीनशे गेले. मोजणी सोडली नाही. वादळ जवळ येतंय की लांब जातंय ते तिच्यावरून समजतं, आणि मुलांना ती मनापासून आवडते. पण मोजायचं ते घरात बसून.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲपही फोनवर दाखवलं. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजेची माहिती त्यात मिळते. पालकांच्या फोनमध्ये घालून दिलं. माळावर रेंज नसते आणि शेळ्या राखणाऱ्या मुलाकडे फोन नसतो, त्यामुळे ॲप असलं तरी कानाचा नियम पहिला.

९ एप्रिल

झाडाखाली का थांबायचं नाही, हे मुलं सांगतात : झाड उंच असतं. ते खरंच आहे, पण अर्धं. झाडावर पडलेली वीज जमिनीत उतरून चहूकडे पसरते आणि झाडापासून दूर उभ्या असलेल्या जनावरालाही मारते. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा नमुना करायचा होता.

परातीत ओली वाळू, मधोमध तांब्याची तार उभी खोचलेली, ते झाड. कडेने गोल तार. दोन्हींमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी. मल्टिमीटरचे दोन टोक म्हणजे जनावराचे पुढचे आणि मागचे पाय. मीटर काहीच धड दाखवेना. वाळू बदलली, पाणी वाढवलं, मीठ घातलं. मिठाने बॅटरी तासाभरात बसली. कारण परातीतच होतं. परात स्टीलची, सगळा प्रवाह खाली तळातून जात होता. प्लॅस्टिकचं पसरट टब आणलं, एकशे वीस रुपये, मीठ सोडून दिलं, आणि मीटर बोलू लागला. वाळू दाबून बसवावी, हाताला ओली लागेल इतकंच पाणी.

मुलांनी मातीचा बैल केला आणि त्याच्या पायांत खिळे घातले. पुढचा पाय झाडापासून दोन सेंटिमीटरवर, मागचा पाचवर : दोन व्होल्टच्या वर. पाय जुळवून अर्ध्या सेंटिमीटरवर आणले : जेमतेम अर्धा व्होल्ट. बैल आडवा फिरवला, दोन्ही पाय झाडापासून सारख्या अंतरावर : जवळजवळ शून्य. बैल झाडापासून लांब नेला, पाय फाकलेलेच ठेवले : आकडा पुष्कळ खाली.

या टबाने जे काम केलं ते ठिणगीने केलं नव्हतं. जनावरं जास्त का मरतात, ते पायांतल्या अंतरावरून कळलं. आडवं का पडायचं नाही, ते कळलं. माळावर अडकलंच, घर किंवा बंद टपाची गाडी जवळ नाही, तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, विहिरीपासून दूर, पाय जुळवून, डोकं खाली घालून उकिडवं बसायचं, एकमेकांपासून अंतर ठेवून. त्याने जीव वाचेलच असं नाही, धोका थोडा कमी होतो, हे मी मुलांना जसंच्या तसं सांगितलं. चपलेच्या रबराचा उपयोग नाही. चारी बाजूंनी उघडा पत्र्याचा कोठा म्हणजे घर नव्हे. आणि ज्याच्यावर वीज पडली त्याच्या अंगात ती राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची आणि १०८ ला फोन.

१२ एप्रिल

सकाळी पालकांना बोलावलं. आया आणि आज्याच जास्त आल्या. सगळं काम मुलांनी दाखवलं, मी मागे उभा होतो. वाळूच्या टबाशी पायाळू मुलगा होता. मुद्दाम त्यालाच तिथे ठेवलं नव्हतं, त्याने स्वतः मागून घेतलं. बैल फिरवून आकडे सांगत होता. एकाने विचारलं, ‘अन् पायाळूचं काय?’ तो म्हणाला, ‘मीटरला पाय कळत्यात. जल्म कसा झाला ते नाही कळत.’

त्याची आजी नंतर माझ्याकडे आली. म्हणाली, ‘गुर्जी, तरी मी आभाळ आलं की याला घरातच घेते बघा. भ्या वाटतं.’ मी म्हटलं, ‘आजी, ते अगदी बरोबर करता. फक्त याला एकट्याला घेऊ नका, गल्लीतल्या सगळ्या लेकरांना घ्या.’ तिने मान हलवली. ओसरीवर जागा हाय की, म्हणाली.

२१ एप्रिल

मुलांच्या वहीत राहिलेला एक प्रश्न : वीज वरून खाली येते की खालून वर जाते? दोन्ही. ढगातून एक अंधूक वाट सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी खाली येते. ती जवळ आली की झाडावरून, घरावरून, माणसावरूनही एक बारीक वाट वर निघते. दोन्ही जुळल्या की लख्ख प्रकाश होतो, आणि तो खालून वर धावतो. त्याच वाटेने लागोपाठ तीन-चार झटके जातात, म्हणून वीज थरथरताना दिसते. याचा नमुना जमला नाही. खडूने पायऱ्यापायऱ्यांची वाट काढली आणि पुढे गेलो.

खर्च. ताटली ६०, दोन टेस्टर ६०, मल्टिमीटर २५०, बॅटऱ्या ८०, टब १२०, तांब्याची तार ५०, पहिला रंग ४८०, नकाशाची छपाई १५०, दुसरा रंग ३५०. एकूण १,६०० रुपये. पहिल्यांदाच दहा किलोमीटरचा नकाशा काढला असता तर सव्वाअकराशेत काम झालं असतं.

२० जून

शाळा उघडली. नव्या सहावीला दाखवायला ताटली काढली, ठिणगी नाही. हवेत दमटपणा आहे, थर्माकोलवर भार टिकत नाही. घोंगडी इस्त्रीने गरम करून, थर्माकोल उन्हात ठेवून निऑन कसाबसा चमकला. ठिणगीचे प्रयोग फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकून घ्यावेत. पावसाळ्यात वाळूचा टब आणि ताटल्यांची रांग, दोन्ही बिनतक्रार चालतात.

तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढला होता, काचकागदाने घासला. टबातली वाळू सुट्टीत वाळवून पोत्यात ठेवली होती, ते चांगलं झालं. ज्यांनी ओलीच ठेवली असेल त्यांनी ती फेकून नवी आणावी, वास मारते. मातीच्या बैलाचा एक पाय तुटलाय. सातवीची मुलं नवा करतायत, या वेळी खिळे माती ओली असतानाच घालणार आहेत.